खिद्रापूर : स्वर्गमंडपाचं छत जवळून कसं टिपायचं? (वेळ, उजेड, परवानगी)

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराची ओळख करून देण्यासाठी हा धागा नाही. ती इथं बहुतेकांना आहे. प्रश्न फोटोंचा आहे.

स्वर्गमंडपाचे, म्हणजे छताला गोल मोकळा झरोका असलेल्या खांबांच्या मंडपाचे फोटो नेटवर शोधून बघा. जवळजवळ सगळे एकाच जागेवरून काढलेले आहेत. रंगशिलेच्या (झरोक्याखालच्या गोल शिलेच्या) मधोमध उभं राहायचं, कॅमेरा सरळ वर करायचा. फोटोत मध्ये पांढरंफटक वर्तुळ आणि भोवती काळं कडं. ते वर्तुळ म्हणजे छताचा सुमारे १३ फुटांचा मोकळा झरोका, आणि ते काळं कडं म्हणजे कारागिरांनी जिथं जीव ओतला ती जागा. आतल्या वर्तुळाच्या १२ खांबांवर, झरोक्याच्या खालच्या घेरात कार्तिकेय आहे, अष्टदिक्पाल म्हणजे आठ दिशांचे रक्षक आहेत, आपापल्या वाहनांवर बसलेले. आठशे वर्षांहून जुनं काम. आणि फोटोत त्यातलं एकही धड दिसत नाही.

मला नेमकं तेच हवंय. एकेक दिक्पाल, त्याचं वाहन, दागिन्यांची घडण, दगडाच्या थरांच्या कडा, कुठं छिन्नीचा माग राहिला असेल तर तोही. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा साधा डीएसएलआर आहे, १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. आकाशाचं एक्सपोजर धरलं की मूर्ती काळ्या होतात, मूर्तींचं धरलं की झरोका जळतो आणि त्याचा धुरकट उजेड सगळ्या कडांवर पसरतो. सकाळी बघितलं, संध्याकाळी बघितलं, छताची खालची बाजू दोन्ही वेळेला अंधारातच.

तर वेळ कोणती धरावी? ट्रायपॉड चालतो का? फ्लॅश मारावा का?

आणि एक मत आधीच मांडतो. ही नोंद व्हायलाच हवी. मंदिर कृष्णेच्या काठावर आहे. २००५, २०१९, २०२१, शिरोळ तालुक्यानं काय काय बघितलंय ते इथल्यांना सांगायला नको. दगड टिकेल, पण त्यावरची बोटं-नाकं-दागिने कायमची राहतील असं धरून बसणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ

भावा, धागा लय भारी. मी कुरुंदवाडचा, त्यामुळं जाणं-येणं असतंय. कॅमेरा हातात धरून काढला तर कुणी काही बोलत न्हाई. ट्रायपॉडचे पाय उघडले की रखवालदार उठून येतो, आणि त्याचं बरोबर हाय. संरक्षित स्मारक हाय, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आधी लेखी परवानगी लागती. मिळती, पण अर्जात काय काढणार, कशासाठी, किती वेळ, ते नीट लिहायचं. "छंद म्हणून" एवढंच लिहू नका, "छतावरील शिल्पांचे छायाचित्रण" असं लिवा.

आणि नरसोबाच्या वाडीवरनं येताना बासुंदी खाऊन येऊ नका, नंतर छताकडं बघता बघता झोप लागती.

भिंगवाला

धागाकर्ते, तुमच्या तक्रारीचं तांत्रिक उत्तर सोपं आहे. झरोका आणि छताची खालची बाजू यांच्या उजेडात इतका फरक आहे की एका फ्रेममध्ये दोन्ही येणारच नाहीत. ब्रॅकेटिंग करा: दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं पाच फ्रेम, रॉमध्ये, नंतर एकत्र करा. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवा, खाली घडी केलेला रुमाल, दोन सेकंदांचा टायमर. मोबाइल असेल तर आणखी सोपं: स्क्रीन खाली, कॅमेरा वर, नाईट मोड. जमिनीइतका स्थिर ट्रायपॉड बाजारात मिळत नाही.

फ्लॅश नको. समोरून मारलेल्या फ्लॅशनं उठावाची सावली मरते. ज्या शिल्पाची खोली दाखवायची तेच कागदावर छापल्यासारखं सपाट दिसतं.

गुऱ्हाळ

एचडीआरला, म्हणजे अशा जोडलेल्या फोटोंना, माझा विरोध. नेटवर त्या मंदिराचे असे फोटो बघितलेत की दगड जांभळा आणि आकाश हिरवं. कोपेश्वर पुन्हा कोपेल.

भिंगवाला

@गुऱ्हाळ, तो दोष ब्रॅकेटिंगचा नाही, नंतर स्लायडर ओढणाऱ्या हाताचा. मी जोडलेली फ्रेम डोळ्यांना दिसतं त्याच्या जवळ नेतो, त्यापुढं नाही.

वास्तुवेडी

धागाकर्ते, भिंगवाल्यांनी कॅमेऱ्याचं सांगितलं, मी दगडाचं सांगते. कारण तिथं अंधार का आहे हे कळलं की वेळ आपोआप ठरते.

स्वर्गमंडपाचं छत कमानीच्या तत्त्वावर नाही. रोमच्या पॅन्थिऑन किंवा विजापूरच्या गोलघुमटासारखं ते एकसंध वळत नाही. इथं आडव्या दगडांचं एक वर्तुळ रचलं, त्याच्यावर दुसरं, पण थोडं आत सरकवून, त्याच्यावर तिसरं आणखी आत. बांगड्या एकावर एक रचाव्यात आणि प्रत्येक वरची बांगडी लहान असावी, तसं. प्रत्येक थराचं वजन खालच्या थरावर सरळ खाली जातं आणि वर्तुळातले दगड एकमेकांना आत पडण्यापासून अडवतात. म्हणूनच मधलं शेवटचं झाकण नसलं तरी छत उभं राहतं. अबूच्या दिलवाडा मंदिरांत याच पद्धतीचं छत संगमरवरात आहे, तिथं मधोमध लोंबतं कमळ आहे. इथं त्या जागी आकाश.

आता उजेडाकडे बघा. प्रत्येक वरचा थर खालच्या थरापेक्षा पुढं आलेला. झरोक्यातून येणारा उजेड वरून खाली उतरतो, तो या थरांच्या खालच्या अंगाला लागेल कसा? थर स्वतःच स्वतःवर सावली धरतो. तुम्ही सकाळी जा, संध्याकाळी जा, वरून येणारा उजेड त्या मूर्तींच्या चेहऱ्यापर्यंत कधीच थेट पोचत नाही. तिथं उजेड जाऊ शकतो तो फक्त खालून, जमिनीवर आपटून.

म्हणजे छताचा फोटो काढायचा तर आधी जमिनीकडे बघायचं. जमीन उजळली की छत उजळतं.

रंकाळाकाठ

वास्तुवेडी ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे रंगशिलेवर ऊन पडलेलं असताना जायचं? म्हणजे भर दुपारी? सगळे फोटोग्राफर ज्या वेळेला कॅमेरा पिशवीत घालतात ती वेळ?

वास्तुवेडी

होय. बाहेरच्या गजथराला (हत्तींच्या कोरीव रांगेला) सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन हवं, तिथं भर दुपार वाया. स्वर्गमंडपाच्या छताला नेमकं उलटं.

शून्यसावली

वास्तुवेडींच्या मुद्द्याला माझ्याकडून तारीख जोडतो.

खिद्रापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ६ तारखेच्या आसपास, आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्ट सोडून द्या, ढग असतात आणि कृष्णामाई कुठपर्यंत आली असेल सांगता येत नाही. राहिला मे. त्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या जरा आधी सूर्य डोक्यावर येतो. बाराला नाही, कारण आपली घड्याळं ८२.५ रेखांशाची आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला.

आता झरोका सुमारे १३ फुटांचा, खालची रंगशिला सुमारे १४ फुटांची, आणि दोन्हींचा मध्य एका ओळीत. म्हणजे त्या वेळेला उन्हाचं वर्तुळ शिलेवर जवळजवळ बेतून बसतं, भोवती अर्ध्या फुटाची सावलीची किनार उरते. सगळं ऊन शिलेवर, आणि तिथून उलटून चारी बाजूंनी सारखं छतावर.

फार काटेकोर राहायची गरज नाही. त्या काळात सूर्य दिवसाला पाव अंशाच्या जरा जास्तच सरकतो, त्यामुळं चार-सहा दिवस मागं-पुढं गेलात तरी फोटोत कळणार नाही. दिवसात मात्र दर चार मिनिटांनी एक अंश. साडेअकरा ते दीड हा वेळ हाताशी ठेवा.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी: डिसेंबरात दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला चाळीस अंश कललेला असतो, त्यामुळं उन्हाचा तुकडा उत्तरेकडच्या खांबांवर जातो. तिथून उलटलेला उजेड समोरच्या, म्हणजे दक्षिण बाजूच्या थरांवर येतो. अर्धंच छत मिळतं, पण उजेड एका बाजूनं असल्यामुळं उठाव जास्त खुलतो. एकेका मूर्तीच्या क्लोजअपला मी तर डिसेंबर घेईन.

तांबडापांढरा

मे महिना, भर दुपार, शिरोळ तालुका, उघडा दगड. शून्य सावलीच्या दिवशी सावली जाते हे ऐकून होतो, तिथं माणूसच वितळून जाईल.

अंबाबाईचा_शेजारी

शून्यसावली, तुमचं वाचून एक लक्षात आलं. आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मध्यापर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. लहानपणापासून बघतोय, पण वर्षातून दोनदाच का आणि याच तारखांना का, हे कुणी असं मांडून सांगितलं नव्हतं. तेच गणित ना?

शून्यसावली

तेच. दक्षिणायनात सूर्य खाली जाताना ज्या कोनावरून जातो, परत येताना त्याच कोनावरून येतो. किरणोत्सवाच्या दोन्ही वेळांना सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १७ अंशांवर असतो. खिद्रापूरच्या मे-ऑगस्टच्या जोडीला तितकाच उत्तरेला. एका मंदिरात किरण आडवं आत येतं, दुसऱ्यात उभं खाली उतरतं. दोन्ही आपल्याच जिल्ह्यात.

अंबाबाईचा_शेजारी

अंगावर काटा आला. आणि महाद्वारासमोरच्या इमारतींचा अडथळा येतो म्हणून दरवर्षी का ओरड होते तेही आता नीट कळलं.

अवांतर : अंबाबाईच्या मंदिरात आत फोटो काढायला बंदी आहे, तेव्हा तिथले प्रश्न इथं नकोत.

पौर्णिमा_प्रेमी

सूर्याचं झालं, चंद्राचं कुणी बोलेना? त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र बरोबर झरोक्यात येतो, दीपोत्सव असतो, सगळा स्वर्गमंडप पणत्यांनी उजळलेला. छताचा फोटो काढायचा तर त्याच रात्री.

शून्यसावली

रात्र सुंदरच असते, वाद नाही. पण दरवर्षी चंद्र अगदी मधोमध येईल अशी खात्री धरू नका. चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेला पाचेक अंशांनी तिरकी आहे आणि ते तिरकेपण साडेअठरा वर्षांत फिरतं. त्यामुळं कार्तिकातला पूर्ण चंद्र कुठल्या वर्षी माथ्याच्या थोडा उत्तरेला, कुठल्या वर्षी दक्षिणेला. झरोका मोठा असल्यामुळं दिसतो, पण नेमका मध्य साधायचा तर त्या वर्षीचं गणित बघून जा.

भिंगवाला

आणि फोटोच्या दृष्टीनं ती रात्र सगळ्यांत अवघड. पूर्ण चंद्र म्हणजे उन्हातला दगडच, त्याला एफ/११, आयएसओ १०० ला शंभरावा-सव्वाशेवा सेकंद पुरतो. पणत्यांच्या उजेडातल्या छताला कित्येक सेकंद. एका फ्रेममध्ये घ्यायला गेलात तर चंद्राच्या जागी पांढरा डाग. दोन फ्रेम घ्या. आणि गर्दीत कॅमेरा जमिनीवर ठेवणार कुठं? त्या रात्री मी बघायला जातो, काढायला नाही.

भाविक_वाडीकर

सगळं वाचतोय. माहिती उत्तम आहे, पण एक विनंती करतो, राग मानू नका. हे चालतं-बोलतं देऊळ आहे. रोज पूजा होते. आत कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगं आहेत, लोक अभिषेकाला येतात. आणि मंडपात मधोमध कुणीतरी आडवा पडलेला, पोटावर कॅमेरा. त्याला ओलांडून म्हातारी बाई आत कशी जाणार? मध्यंतरी तर लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं, मुलीला कोरीव खांबाला पाय लावून उभं केलं होतं. फोटोग्राफर सांगत होता, "दगडाला काय होतंय?" मी त्याला थांबवलं. मला तसं बोलायला आवडत नाही, पण बोललो.

कृष्णाकाठ

भाविकदादा, शंभर टक्के. खांबाला पाय लावणाऱ्यांसाठी गावातलीच पोरं पुढं यायला पायजेत.

गुऱ्हाळ

+१. आणि नक्षीवर चढून "जवळून" काढणारे वेगळेच. जवळून म्हणजे लेन्सनं, शिडीनं नव्हे.

रंकाळाकाठ

भाविकदादा, राग कशाला? तुमच्या बोलण्यातली काळजी मलाही आहे. पण आडवं पडल्याशिवाय मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही. उभ्यानं मान वर करून टेलिफोटो धरला तर हात हलतो. मग कसं करावं?

भाविक_वाडीकर

आडवे पडूच नका असं नाही म्हणत. मंदिर पूर्वाभिमुख आहे, गाभारा पश्चिमेला. डोकं गाभाऱ्याकडे आणि पाय पूर्वेला करून झोपा. पाय देवाकडे नकोत, एवढंच. वाट सोडून एका बाजूला पडा. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला येऊच नका. पुजाऱ्यांना आधी सांगा, ते स्वतःच सांगतील कधी मोकळं असतं. दुपारी साडेबाराला तसंही गर्दी कमी असते, म्हणजे तुमचा सूर्य आणि आमची सोय जुळतेय.

वास्तुवेडी

वा! आणि पाय पूर्वेला हे फोटोलाही सोयीचं आहे. प्रत्येक फ्रेमची दिशा एकच राहते, नंतर कुठला दिक्पाल कुठल्या दिशेचा हे ओळखताना गोंधळ होत नाही. इंद्र पूर्वेचा, यम दक्षिणेचा, वरुण पश्चिमेचा, कुबेर उत्तरेचा. दिक्पालांचा फोटो दिशा न नोंदवता काढला तर नंतर त्याचा अर्धा उपयोग जातो.

रोमनिवासी

कोल्हापूरचाच, कामानिमित्त सध्या रोममध्ये. धागा वाचून राहवलं नाही.

इथं पॅन्थिऑन आहे, दुसऱ्या शतकातलं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासूनची उंचीही तेवढीच, आणि माथ्याला साडेआठ मीटरच्या आसपासचं गोल भोक, तेही उघडंच. पाऊस आत पडतो, जमिनीला किंचित उतार आहे आणि पाणी जायला फरशीत भोकं आहेत. मी खिद्रापूर बघून इथं आलो, त्यामुळं पहिल्यांदा आत गेल्यावर सगळे वर बघत होते आणि मी उन्हाचा तुकडा कुठं आहे ते शोधत होतो.

फरक असा की इथं तो तुकडा बराच वेळ घुमटाच्या आतल्या भिंतीवर फिरतो, कारण रोम ४२ अंशांवर आहे, सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. उन्हाळ्याच्या मध्यावर दुपारी कुठं तो जमिनीवर पोचतो. २१ एप्रिलच्या सुमारास दुपारी तो बरोबर दरवाजावर पडतो, तेव्हा लोक जमतात. ऊन थेट शिलेवर उभं उतरणं हे या पठ्ठ्यांच्या नशिबी नाही.

इथंही ट्रायपॉड चालत नाही आणि फ्लॅशही नाही. सगळे हातात धरूनच काढतात. भिंगवाल्यांच्या सल्ल्यात माझी एक भर : क्लोजअपमध्ये झरोका फ्रेममध्ये घेऊच नका. धागाकर्त्यांचा निम्मा त्रास त्यामुळंच आहे. झरोका कडेलाही आला तरी त्याचा उजेड लेन्समध्ये सांडतो. हूड लावा आणि झरोक्याच्या कडेपासून थोडं खालून फ्रेम सुरू करा. घेर पूर्ण दाखवणारा एक फोटो वेगळा काढा, बाकी सगळ्यांत आकाशाला सुट्टी.

भिंगवाला

@रोमनिवासी, अगदी. आकाश फ्रेममधून गेलं की ब्रॅकेटिंगचीही गरज उरत नाही. जमिनीवरून उलटलेल्या उजेडात आयएसओ ८००, एफ/८, शटर साठावा ते सव्वाशेवा इतकं मिळून जाईल. ५५-२५० ला स्टॅबिलायझेशन असेल तर झोपून काढलेला फोटो हलणार नाही.

तांबडापांढरा

रोमात बसून खिद्रापूरचा उजेड सांगणारा माणूस. जगात भारी कोल्हापुरी उगाच नाही म्हणत.

जुना_निगेटिव्ह

थोडं अवांतर. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९१८ साली स्वतः चित्रपटाचा कॅमेरा बनवला. आनंदराव पेंटरांबरोबर सुरू केलेलं काम, आनंदराव मध्येच गेले, बाबूरावांनी पुरं केलं. बाहेरून कॅमेरा न आणता या गावानं तो हातानं घडवला. मूळचे ते चित्रकार आणि शिल्पकार, त्यामुळं उजेड मूर्तीवर कुठून पडतो हे त्यांना वेगळं शिकावं लागलं नसणार. ज्या गावाला हा वारसा आहे तिथल्या लोकांनी आपल्याच जिल्ह्यातल्या शिल्पांचे फोटो मोबाइलच्या फ्लॅशनं काढावेत, याचं मला वाईट वाटतं. म्हणून हा धागा वाचून मनापासून बरं वाटलं.

आता एक कामाची गोष्ट. आम्ही स्टुडिओत खालून सावली भरायला पांढरं कापड वापरायचो. रंगशिला काळपट दगडाची, ती येणाऱ्या उन्हातलं बरंचसं गिळते. उन्हाच्या वर्तुळात स्वच्छ पांढरी चादर पसरली तर छतावर जाणारा उजेड कित्येक पटींनी वाढेल. फ्लॅश नको, दिवा नको, वीज नको.

वास्तुवेडी

काका, हे तर फारच सुंदर! आणि दगडाला अजिबात धक्का नाही.

गुऱ्हाळ

सगळीकडून सारखा उजेड आला तर पुन्हा सपाटच दिसेल की. भिंगवाले फ्लॅशला जे म्हणाले तेच चादरीला लागू.

जुना_निगेटिव्ह

@गुऱ्हाळ, शंका योग्य आहे. म्हणून चादर अख्ख्या वर्तुळावर पसरायची नाही. ज्या मूर्तीचा फोटो, तिच्या समोरच्या अर्ध्यात पसरायची. उजेड खालून पण एका बाजूनं जातो, दागिन्यांच्या मण्यामण्याला सावली मिळते. मग चादर फिरवत फिरवत घेर पूर्ण करायचा.

भाविक_वाडीकर

चादरीला माझी हरकत नाही, धुतलेली असावी आणि वाट अडवू नये. पुजाऱ्यांना आणि रखवालदाराला विचारून.

थ्रीडी_इचलकरंजी

उशिरा आलो, पण हे लिहायलाच हवं. एकेक सुटा फोटो काढण्यापेक्षा सगळ्या घेराचं त्रिमितीय मॉडेल करा. त्याला काही महागडं लागत नाही, तुमचा आहे तोच कॅमेरा चालेल. नियम थोडके : शेजारच्या दोन फोटोंत साधारण ७० टक्के भाग सामाईक हवा, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर बांधून ठेवायचे, झूम बदलायचं नाही, आणि एकाच जागेवर उभं राहून कॅमेरा फिरवायचा नाही. दर फोटोला स्वतः सरकायचं, एक फेरी रंगशिलेच्या कडेनं, एक खांबांच्या मागून. जागा बदलली तरच सॉफ्टवेअरला खोली कळते. फ्रेममध्ये मोजपट्टी किंवा माहीत असलेलं माप हवं, नाहीतर मॉडेलला आकार येतो पण फूट-इंच येत नाहीत.

पुरानंतर एखादी मूर्ती झिजली की नाही हे नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही. दोन मॉडेल एकावर एक ठेवली की मिलिमीटरमध्ये दिसतं.

गुऱ्हाळ

हे मात्र पटलं. एक शंका. हे सगळं करून नेटवर टाकलं की गर्दी आणखी वाढणार नाही का? भाविकदादा म्हणतात ती शूटिंगवाली मंडळी दुप्पट येतील.

वास्तुवेडी

गर्दी त्या पांढऱ्या गोलाच्या फोटोनं आणलीय आणि ती आलेलीच आहे. मोराच्या पिसाऱ्याचा जवळून फोटो बघून येणारा माणूस खांबाला पाय लावणार नाही असं मला वाटतं. त्याला आत काय आहे ते माहीत असतं. मंदिरावर यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख आहे, त्याच्या समोरून किती जण न बघता जातात. बघायला कुणी शिकवलंच नाही.

कृष्णाकाठ

ताई, गावातली शाळेची पोरं बोलवू का त्या दिवशी? चादर धरायला हात लागतीलच, आणि पोरांना कळंल तरी वर काय हाय ते. आमच्या डोक्यावर ऐरावत हाय हे मला कुणी विशी उलटूस्तोवर सांगितलं न्हवतं.

वास्तुवेडी

बोलवाच! मी दिशा आणि दिक्पाल सांगेन.

रंकाळाकाठ

मंडळी, मी फक्त वेळ विचारली होती, तुम्ही सगळी वाटच आखून दिलीत. असं ठरवतोय : पुरातत्त्व खात्याकडे अर्ज आत्ताच करतो, कृष्णाकाठ म्हणतात त्या भाषेत. पुजाऱ्यांची गाठ घेऊन मेच्या पहिल्या आठवड्यातला सोमवार सोडून एक दिवस. मी झोपून क्लोजअप काढेन, थ्रीडी_इचलकरंजी यांनी मॉडेलच्या फेऱ्या बघाव्यात, जुना_निगेटिव्ह काकांनी चादर. डिसेंबरात शून्यसावलींबरोबर पुन्हा, तिरप्या उजेडासाठी. सगळे फोटो दिशा आणि वेळेच्या नोंदीसह इथंच टाकेन, कुणालाही अभ्यासाला वापरता येतील. एक प्रत पुरातत्त्व खात्याला.

गेल्यावर शेजारचं जैन मंदिरही बघायचं का? तेही त्याच काळातलं.

वास्तुवेडी

बघायचंच. पण ऊन उतरल्यावर, चारनंतर. तिथलं बाहेरचं कोरीवकाम तिरप्या उन्हाचं आहे.

थ्रीडी_इचलकरंजी

मी येतो. मेमरी कार्ड जास्तीची आणा, रॉमध्ये फेऱ्या मारल्या की भराभर भरतात.

भिंगवाला

व्हाइट बॅलन्ससाठी राखाडी कार्ड माझ्याकडून. आकाशाचा निळा आणि दगडावरून उलटलेला उजेड एकत्र येतो तिथं, ऑटोवर ठेवलंत तर दर फ्रेमचा रंग वेगळा येईल.

कृष्णाकाठ

पाण्याचे कॅन आणि ताक माझ्याकडं. आणि एक लक्षात ठेवा, वहाणा बाहेर काढाव्या लागतात आणि मेमध्ये साडेबाराला ती शिला तव्यासारखी तापलेली असती. जाड मोजे आणि झोपायला सतरंजी घेऊन या, न्हाईतर एका फोटोत उठून पळाल.